शनिवारी उघडलेली बाटली रविवारी: ऑस्ट्रेलियन वाईनबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आम्ही सहा जण मेलबर्नला एका शनिवार-रविवारी जमणार आहोत. दहाएक ऑस्ट्रेलियन वाईन आणून निवांत तुलना करायचा बेत आहे. खर्चाची मर्यादा दोनशे डॉलर. काय काय आणावं?

उत्तर: सर्वांत आधी दहाच्या सहा करा. सहा-सात वाईननंतर जीभही थकते आणि लिहून ठेवायचा उत्साहही. मग जी सगळ्यात दणकट तीच लक्षात राहते आणि तीच चांगली वाटू लागते.

दुसरं म्हणजे एक शार्डने, एक पिनो न्वार, एक शिराझ अशी वेगवेगळ्या द्राक्षांच्या वाईनची सरमिसळ नको. त्यातून फार तर कोण कशाचा चाहता आहे एवढं कळेल. तुलना करायची तर एकच गोष्ट बदलू द्या, बाकी सगळं शक्य तितकं सारखं ठेवा. द्राक्ष तेच, द्राक्षं तोडल्याचं साल तेच, किंमत साधारण तीच, फक्त प्रदेश वेगळा.

शनिवारी संध्याकाळी तीन रीस्लिंग (पांढऱ्या) आणि मग तीन शिराझ (लाल) असा आमचा सल्ला आहे. रीस्लिंग साउथ ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर व्हॅली आणि ईडन व्हॅलीच्या, शिवाय टास्मानियाच्या घ्या. तिन्ही बाटल्यांवर कोरडी असल्याचा उल्लेख पाहून घ्या, कारण एकीत जरी गोडी शिल्लक असली तरी आंबटपणाची तुलना तिथेच संपते. शिराझ साउथ ऑस्ट्रेलियातलीच बरोसा व्हॅली, व्हिक्टोरियातलं ग्रॅम्पियन्स आणि न्यू साउथ वेल्समधली हंटर व्हॅली इथली. बरोसाची दाट, पिकलेल्या काळ्या फळांची, थोडी चॉकलेटकडे झुकणारी असते आणि मद्यार्क बऱ्याचदा १४.५ टक्के. ग्रॅम्पियन्सची सडसडीत, मिरीचा वास असलेली. हंटरची मध्यम अंगाची, मातकट, मद्यार्कही सहसा कमी. रीस्लिंग २५ डॉलरच्या आसपास, शिराझ ३० च्या आसपास धरली तर १६५ डॉलर होतात. उरलेल्या पैशांत साधा पाव आणि बर्फ आणा.

शिराझ घेताना मागचं लेबल वाचा. एक अमेरिकन ओकच्या पिंपात मुरलेली आणि दुसऱ्या दोन फ्रेंच ओकमधल्या असतील, तर तुम्ही प्रदेशांची नव्हे, लाकडांची तुलना करत बसाल. अमेरिकन ओकमुळे नारळ आणि व्हॅनिलाचा वास येतो आणि नवख्याला तो हमखास ‘बरोसाचा वास’ वाटतो. तिन्हींचं साल एकच मिळालं नाही तर शिराझमध्ये एका वर्षाचा फरक चालवून घ्या, रीस्लिंगमध्ये नको.

प्रश्न: दुकानात दोन शिराझ शेजारी शेजारी होत्या. एकीवर ‘बरोसा व्हॅली’, दुसरीवर नुसतं ‘बरोसा’. छपाईचा फरक की आणखी काही?

उत्तर: आणखी काही. ‘बरोसा’ या नावात बरोसा व्हॅली आणि तिला लागून असलेली, उंचावरची आणि थंड ईडन व्हॅली असे दोन्ही भाग येतात. नुसतं ‘बरोसा’ लिहिलेल्या बाटलीत दोन्हीकडची द्राक्षं असू शकतात. ती वाईट नसते, उलट पुष्कळदा जास्त तोलदार असते. पण प्रदेशांची तुलना करायला उपयोगाची नाही.

ऑस्ट्रेलियात लेबलवर एका द्राक्षाचं, प्रदेशाचं किंवा सालाचं नाव घातलं, तर बाटलीतला किमान ८५ टक्के भाग त्यातला असावा लागतो. म्हणजे उरलेले १५ टक्के दुसरे असू शकतात आणि ते कायदेशीरच आहे. दोन द्राक्षांची नावं असतील तर जास्त प्रमाण असलेलं आधी येतं. ‘शिराझ व्हिओन्ये’ मध्ये व्हिओन्ये हे पांढरं द्राक्ष अगदी थोडं असतं, तरी जर्दाळूसारखा वास लगेच वर येतो. म्हणून तुमच्या तीन शिराझमध्ये तसली बाटली नको. आणि ‘साउथ ईस्टर्न ऑस्ट्रेलिया’ लिहिलेली तर नकोच. त्या नावात न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया आणि टास्मानिया अख्खे, शिवाय क्वीन्सलँड आणि साउथ ऑस्ट्रेलियाचे काही भाग येतात.

प्रश्न: प्रत्येकाला किती ओतायची? आणि लेबल झाकून चाखायची तर नेमकं कसं? मागच्या वेळी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवल्या, पण सगळ्यांनी लगेच ओळखल्या.

उत्तर: दर वाईनचे ३० मिली पुरे. औषधाच्या मापानं एकदा मोजून ग्लासात पाणी ओता आणि ती पातळी डोळ्यांत बसवा. नाहीतर हात सैल सुटतो आणि तिसऱ्या बाटलीला ६० मिली पडते. सहा वाईनचे मिळून १८० मिली झाले. सरासरी १३.५ टक्के मद्यार्क धरला तर हे जवळपास दोन स्टँडर्ड ड्रिंक भरतात. ऑस्ट्रेलियात एक स्टँडर्ड ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क. हिशेब सोपा आहे: लिटरमधलं माप गुणिले टक्के गुणिले ०.७८९. बाटलीवर हा आकडा छापलेला असतोच; १४.५ टक्क्यांच्या ७५० मिली बाटलीवर ८.६ दिसेल. इथल्या राष्ट्रीय आरोग्य परिषदेची २०२० सालची शिफारस आठवड्याला दहाहून आणि कोणत्याही एका दिवशी चाराहून जास्त नको, अशी आहे. चूळ टाकायला प्रत्येकापुढे एक उभं, अपारदर्शक भांडं ठेवा. पारदर्शक ठेवलंत तर कुणीच वापरणार नाही.

आता झाकण्याबद्दल. तुमच्या बाटल्या ओळखल्या गेल्या त्या आकारामुळे. रीस्लिंगची बाटली उंच आणि निमुळती असते. शिराझ काही जण उभ्या खांद्याच्या बाटलीत भरतात, काही उतरत्या खांद्याच्या. थंड प्रदेशातले उत्पादक बऱ्याचदा दुसरी निवडतात आणि लेबलवर शिराझऐवजी ‘सिरा’ लिहितात. कागदातून हे सगळं दिसतं. त्यामुळे वाईन सरळ पाणी वाढायच्या तीन एकसारख्या, स्वच्छ जगांत ओता. एकानं स्वयंपाकघरात जगांना क, ख, ग अशा चिठ्ठ्या लावाव्यात. मग दुसऱ्यानं, पहिला बाहेर गेल्यावर, त्या बदलून १, २, ३ कराव्यात. आता कोणती कुठे हे एकट्याला कुणालाच ठाऊक नाही आणि दोघंही निर्धास्तपणे खेळात बसू शकतात.

ग्लास सगळे एकाच आकाराचे हवेत, महाग नसले तरी चालतील. छत्तीस ग्लास जमवायची गरज नाही. तीन-तीनच्या दोन फेऱ्या केल्या की अठरा पुरतात. मध्ये पंधरा मिनिटं थांबून नुसत्या पाण्यानं विसळून घ्या. कपाटातून काढलेला ग्लास आधी रिकामाच हुंगा. लाकडी फळीवर उपडा ठेवलेला असेल तर त्यात कोंदट वास धरलेला असतो आणि पुढे तो वाईनच्या माथी मारला जातो. त्या खोलीत उदबत्ती, अत्तर, फोडणी काहीही नको.

अर्ध्या लोकांनी डावीकडून सुरुवात करावी, अर्ध्यांनी उजवीकडून. लाल वाईनमधलं टॅनिन जिभेवर साठत जातं, म्हणून तिसरी वाईन आहे त्यापेक्षा जास्त तुरट लागते. सगळ्यांनी एकाच क्रमानं चाखली तर तिसरीवर सगळेच अन्याय करतील. आणि लिहून होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. कुणी पहिल्यानं ‘चेरी’ म्हटलं की पुढच्या पाच जणांना चेरीच लागते.

प्रश्न: शिराझ खोलीच्या तापमानाला प्यावी म्हणतात. जानेवारीत आमच्या घरात २७ अंश असतात. मग?

उत्तर: मग थंड करा. १६ ते १८ अंश हवेत. २७ ला मद्यार्क नाकात जातो आणि फळ मागे पडतं. फ्रिजमध्ये पाऊण-एक तास, किंवा बादलीत बर्फ आणि पाणी मिळून दहा मिनिटं. नुसता बर्फ नको. त्याचे खडे काचेला जेमतेम टेकतात, पाणी बाटलीला चहूबाजूंनी भिडतं. रीस्लिंग ८ ते १०, ओकमधली शार्डने १० ते १३, पिनो १३ ते १६. फ्रिजमधून थेट काढलेली पांढरी वाईन ४ अंशांवर असते; तिला वीस मिनिटं बाहेर ठेवा, नाहीतर तिन्ही रीस्लिंग सारख्याच थंड आणि सारख्याच मुक्या लागतील.

प्रश्न: ग्रॅम्पियन्सच्या शिराझमध्ये माझ्या मिस्टरांना मिरीचा वास येतो, मला अजिबात नाही. ते म्हणतात माझं नाक तयार नाही. खरं काय?

उत्तर: दोघंही बरोबर असू शकता. तो वास रोटंडोन नावाच्या एका संयुगाचा. काळ्या मिरीतही तेच असतं. शिराझमध्ये ते असतं हे ॲडलेडच्या ऑस्ट्रेलियन वाईन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी शोधलं आणि २००८ साली प्रसिद्ध केलं. त्याच कामात असंही दिसलं की साधारण पाचात एका माणसाला रोटंडोनचा वास येतच नाही, प्रमाण कितीही वाढवलं तरी. सरावानं तो येईल असं नाही, तेव्हा मिस्टरांना हे वाचून दाखवा. हे संयुग द्राक्षाच्या सालीत तयार होतं आणि थंड, ओलसर हंगामात जास्त साठतं. म्हणून ग्रॅम्पियन्समध्ये मिरी ठळक आणि बरोसात जेमतेम.

वाद मिटवायचा असेल तर त्रिकोणी चाचणी करा. प्रत्येकापुढे तीन ग्लास, दोनांत एकच वाईन, तिसऱ्यात दुसरी. वेगळा ग्लास कोणता ते सांगायचं. नुसत्या अंदाजानंही सहांतले सरासरी दोघं बरोबर येतात. पाच किंवा सहा जण बरोबर आले तर फरक खरा आहे. निव्वळ नशिबानं तसं होण्याची शक्यता शंभरात दोनहूनही कमी. ही चाचणी बरोसा विरुद्ध ग्रॅम्पियन्स फार सोपी जाते. क्लेअर विरुद्ध ईडन व्हॅली रीस्लिंगवर करून पाहा, भल्याभल्यांची भंबेरी उडते.

प्रश्न: फिरकीच्या झाकणाची रीस्लिंग उघडली तर सडक्या अंड्यासारखा वास. बाटली खराब होती का? परत करावी का?

उत्तर: घाई नको. हा वास गंधकाच्या संयुगांचा, मुख्यतः हायड्रोजन सल्फाइडचा. रस आंबताना यीस्टला नत्र कमी पडलं की ते तयार होतं. झाकण ते निर्माण करत नाही, पण घट्ट असल्यानं बाहेरही जाऊ देत नाही. ग्लास जोरात घुसळा आणि दहा मिनिटं थांबा. बहुधा वास विरतो.

विरला नाही तर वेगळ्या ग्लासात थोडी वाईन घेऊन त्यात घासून धुतलेलं तांब्याचं नाणं टाका. इथल्या जुन्या घरांत दोन सेंटची नाणी अजून सापडतात. १९९२ पासून ती चलनात काढली जात नाहीत, पण त्यांत ९७ टक्के तांबं आहे. तांबं गंधकाला धरून ठेवतं आणि मिनिटाभरात वास नाहीसा झाला तर निदान पक्कं. तो ग्लास प्यायचा नाही, फक्त हुंगायचा. काही गंधकी संयुगांवर तांब्याची मात्रा चालत नाही. वास तसाच राहिला तर बाटली बाजूला ठेवा.

ओल्या पुठ्ठ्याचा किंवा बुरसटलेल्या तळघराचा वास असेल तर प्रकरण वेगळं. तो बुचातून येणाऱ्या टीसीए नावाच्या संयुगाचा दोष. घुसळल्यानं तो जात नाही, उलट वाढतो, आणि वाईनचं फळ मरतं. ती बाटली जवळजवळ भरलेली ठेवून, पावतीसह दुकानात न्या. बहुतेक दुकानं बदलून देतात. या दोषाला कंटाळूनच क्लेअर व्हॅलीच्या काही रीस्लिंग उत्पादकांनी २००० सालच्या वाईनपासून एकत्र येऊन फिरकीचं झाकण घेतलं. आज ऑस्ट्रेलियात चांगल्या वाईनलाही तेच असतं. बूच म्हणजे भारी वाईन, हा समज इथे तरी सोडून द्या.

प्रश्न: सहा बाटल्यांतून शनिवारी निम्मीच संपेल. उरलेली रविवारी प्यायची की स्वयंपाकात घालायची?

उत्तर: रविवार हाच या खेळाचा खरा फायदा आहे, तो स्वयंपाकात घालवू नका. त्याची तयारी मात्र शनिवारी, बाटली उघडताक्षणी करावी लागते.

फिरकीच्या झाकणाच्या ३७५ मिलीच्या अर्ध्या बाटल्या आधीपासून जमवून ठेवा. गरम पाण्यानं धुऊन उलट्या वाळवा. साबणाचा वास राहता कामा नये. मोठी बाटली उघडली की कुणालाही ओतण्याआधी नरसाळं लावून छोटी बाटली भरा. धार काचेच्या आतल्या कडेवरून जाऊ द्या, फेस नको. तोंडापर्यंत भरा, जेमतेम अर्धा सेंटिमीटर जागा ठेवा, झाकण घट्ट फिरवा आणि फ्रिजमध्ये टाका, लाल असली तरीही. आत हवाच नसल्यानं ती रविवारी जवळजवळ ताजी निघते. उरलेल्या ३७५ मिलीतून शनिवारी सहा जणांचे १८० मिली जातात, १९५ मिली मोठ्या बाटलीतच राहतात. तीही झाकण लावून फ्रिजमध्ये.

रविवारी दुपारी शिराझ तासभर आधी बाहेर काढा आणि प्रत्येक वाईनचे दोन ग्लास शेजारी ठेवा, एक छोट्या बाटलीतला, एक बऱ्याच रिकाम्या झालेल्या मोठ्या बाटलीतला. आता बदललेली एकच गोष्ट आहे, हवा. तरुण बरोसा शिराझ बऱ्याचदा हवेतली जास्त मऊ लागते, टॅनिन खाली बसतं. हंटरची हलकी शिराझ मात्र फिकी पडू शकते. रीस्लिंग आश्चर्य वाटेल इतकी तग धरते. पिनो न्वार आणली असेल तर ती सगळ्यात आधी मान टाकते. हे एकदा चाखलं की बाटली आधी किती वेळ उघडून ठेवायची हा प्रश्न ज्याचा तोच सोडवू शकतो.

हवा ओढून घेणाऱ्या पंपावर पैसे घालवू नका. भरलेली अर्धी बाटली त्याहून बरी. फेसाळ वाईनला पकडीचं बूच लागतं. तोंडात चमचा अडकवून ठेवण्याचा उपयोग शून्य.

प्रश्न: पाच वर्षं ठेवलेल्या क्लेअर रीस्लिंगला रॉकेलचा वास येत होता. फेकून दिली. चूक केली का?

उत्तर: बहुधा हो. तो वास टीडीएन नावाच्या संयुगाचा. द्राक्षांवर भरपूर ऊन पडलं की त्याची पूर्वद्रव्यं जास्त तयार होतात आणि बाटलीत वर्षं जातील तसा वास वर येतो. लिंबाच्या सालीबरोबर, भाजलेल्या पावाबरोबर थोडा असेल तर शोभतो. रॉकेलशिवाय काहीच लागत नसेल तर तो जास्त झाला.

वयामुळे वाईन कशी पालटते हे पाहायचं असेल तर हंटरची सेमिलॉन ही पांढरी वाईन घ्या, एक ताजी आणि एक आठ-दहा वर्षांची. जुनी बाटली वाईनरीकडेच मिळण्याचा संभव जास्त. द्राक्षं लवकर तोडतात, मद्यार्क १० ते ११ टक्के, ओक सहसा नाहीच. ताजी असताना लिंबू, गवत आणि आंबटपणा. अनेकांना ती पाणचट वाटते. दहा वर्षांनी तीच मध आणि टोस्टसारखी होते, इतकी की ओकमध्ये ठेवली होती यावर लोक पैज लावतात.

प्रश्न: ॲडलेडहून बरोसाला एका दिवसात किती सेलर डोअर (वाईनरीतल्या चाखण्याच्या जागा) होतील? आम्ही सहा ठरवलीत.

उत्तर: तीन. ॲडलेडहून बरोसातलं टनुंडा गाव साधारण ७० किलोमीटर, गाडीनं तास-सव्वा तास. प्रत्येक ठिकाणी सहा वाईन, दर वेळी अंदाजे २५ मिली धरा; तीन ठिकाणी ४५० मिली होतात. १४ टक्क्यांनी ते पाच स्टँडर्ड ड्रिंक. म्हणजे तीनातच दिवसाची मर्यादा ओलांडली. चूळ टाकण्याची भांडी सगळीकडे असतात. ती वापरण्यात कुणाचा अपमान होत नाही, उलट ओतणारा तुमच्याकडे जास्त लक्ष देतो. गाडी चालवणाऱ्यानं तरी चाखूच नये. पूर्ण परवान्याला रक्तातली मर्यादा ०.०५ आहे, एल आणि पी पाटीवाल्यांना, म्हणजे शिकाऊ आणि तात्पुरता परवाना असलेल्यांना, शून्य.

सकाळी ईडन व्हॅलीत रीस्लिंग, जेवण अँगॅस्टनला, दुपारी खाली बरोसा व्हॅलीत शिराझ, असा क्रम ठेवा. शनिवार-रविवारी आधी जागा राखून ठेवावी लागते. चाखण्याचं शुल्क असतं आणि बाटली घेतली तर ते बऱ्याच ठिकाणी वळतं करतात. ओतणाऱ्याला सांगा, ‘दोन शिराझ एकदम दोन ग्लासांत द्याल का?’ एकामागून एक चाखताना आधीची आठवणीतच राहत नाही. जुन्या वेलींची विचारा. बरोसात ३५, ७०, १०० आणि १२५ वर्षं अशा पायऱ्यांनी वेलींचं वय मोजतात आणि १८४३ सालच्या शिराझच्या वेली अजून फळ देतात. फोटोसाठी ओळींत शिरू नका. फायलोक्सेरा हा मुळं खाणारा किडा बुटांच्या मातीतून पसरतो. साउथ ऑस्ट्रेलियात तो आलेला नाही, म्हणून तर या वेली उभ्या आहेत.

उन्हाळ्यात विकत घेतलेल्या बाटल्या डिकीत ठेवू नका. एस्की (बर्फाची थंड पेटी) न्या. वाईन तापून फुगली की झाकणाशी चिकट ओघळ दिसतो आणि चव शिजलेल्या फळासारखी होते. आणि तिथे आवडलेली बाटली घरी आल्यावर लेबल झाकून पुन्हा चाखा. डोंगर, ऊन आणि गोड बोलणारा यजमान यांची किंमत तिच्यात किती होती ते कळतं.

प्रश्न: चाखताना सोबत तिखट खाल्लं तर चालेल?

उत्तर: चाखून होईपर्यंत साधा पाव आणि पाणी. तिखटानं मद्यार्क आणि टॅनिन दोन्ही झोंबतात, १४.५ टक्क्यांची बरोसा त्यात सगळ्यात वाईट ठरते. नंतरच्या जेवणाला थोडी गोडी असलेली रीस्लिंग थंड करून घ्या.

प्रश्न: व्हिक्टोरियातल्या रदरग्लेनची मस्कट ही गोड वाईन भेट आली आहे. ती कुठे बसवायची?

उत्तर: सगळ्यात शेवटी, तुलनेबाहेर. मद्यार्क १७-१८ टक्के आणि गोडी इतकी की तिच्यानंतर काहीही कडूच लागतं. ६० मिली पुरे, किंचित थंड. लेबलवर रदरग्लेन, क्लासिक, ग्रँड, रेअर अशा चढत्या चार पायऱ्या असतात. पिंपात मुरण्याचा काळ आणि दाटपणा तसा वाढत जातो. पिंपातच हवेची सवय झालेली असल्यानं उघडलेली बाटली आठवडेच्या आठवडे टिकते, तेव्हा रविवारीच संपवायची घाई नाही.